दोन ताठ माना

“मान वर, डोर्कस!” कबरीच्या पलीकडून हेप्झी मावशीचे ओठ हलले. आवाज नाही. लँकाशायरच्या गिरण्यांत मागांच्या धडधडाटापुढे माणसाच्या आवाजाला विचारतो कोण? तिथल्या बायका ओठांनीच बोलतात, ओठांनीच भांडतात आणि मुकादमाची पाठ वळली की ओठांनीच त्याचा उद्धार करतात.

डोर्कसने मान वर केली. पाद्री ऑल्ड्रेडच्या आईला मूठमाती द्यायला सगळा गाव लोटला होता. माना खाली, डोळे मिटलेले. ताठ माना दोनच. हेप्झीच्या पंथाचा पहिला नियमच तो. देवापुढे खुशाल गुडघे टेका, पण पाद्र्याच्या प्रार्थनेला मान झुकवायची नाही की डोळे मिटायचे नाहीत. “डोळे मिटलेत की चर्चच्या दशमांशात तुमच्या दहातली एक कोंबडी गेलीच म्हणून समजा,” असं हेप्झी चावडी भरवून सांगायची.

पंथातली बाकीची माणसं चर्चच्या फाटकात पाऊलसुद्धा टाकत नसत. मग या दोघी आज इथे कशाला कडमडल्या, अशी मघाशी कुजबुज झाली होती. हेप्झीचं एक ठीक होतं. गावातली सगळी मढी तीच धुवायची. मेल्यावर कोण कुणाचा पंथ विचारतो? पण डोर्कस? जिने गेल्याच आठवड्यात पाद्र्याच्या तोंडावर दार लावलं, ती?

हो, लावलं होतं. अकरा दिवसांचा आमोस तापाने फणफणला होता. भर पावसात पाद्री पाण्याचं भांडं घेऊन स्वतः दारात उभा राहिला. “बाई, दोन थेंब डोक्यावर घालू द्या. उद्या काही वाईट झालं, तर माझे हात बांधलेले असतील.”

“तान्ह्या लेकरानं कसलं हो पाप केलंय, धुवायला?” डोर्कस म्हणाली आणि कडी लावून घेतली. ते हेप्झीचे शब्द होते, पण डोर्कसचा त्या शब्दांवर विश्वास होता. आजही होता.

पहाटे आमोस गेला. बाप्तिस्मा नाही, म्हणून प्रार्थना नाही. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीशी, काटेरी झुडपांत खड्डा मिळणार होता. तिथे त्याला चोरून पुरल्यासारखं, एकटं पुरायचं. “चर्चचा नियम आहे, बाई. मला मोडता येत नाही,” पाद्री जमिनीकडे बघत म्हणाला. तेव्हा हेप्झीने पाणवठ्यावर उभं राहून गावाला ऐकवलं, “ऐक ऑल्ड्रेड! याच लेकरावर तू सगळी प्रार्थना म्हणशील. शब्द न् शब्द! आणि रडत म्हणशील!” लोक पोट धरधरून हसले.

त्याच रात्री पाद्र्याची आई गेली. तीस वर्षं गिरणीत सूत कातून तिने पोराला शिकवलं होतं. त्यापायी कान गमावले होते. शेवटी शेवटी तिला फक्त पोराच्या ओठांवरचंच कळायचं.

तिला धुवायला निघताना हेप्झी आपली टोपली घेऊन डोर्कसकडे आली. “दे त्याला इकडे.”

“मावशी, हे बरं आहे का गं?”

“बरं-वाईट देव बघेल. भविष्यवाणीला कधीकधी आपणच हातभार लावावा लागतो, बाई.”

संध्याकाळी ती रिकामी टोपली घेऊन परतली. “म्हातारीच्या कुशीत ठेवलाय. वर तिची शाल. झाकण ठोकायच्या आधी ऑल्ड्रेड आला होता. पण त्यानं नुसती शाल सारखी केली आणि गेला. डोळे पाण्यानं डबडबलेले, त्याला काय दिसतंय डोंबल!”

आता ती पेटी दोरांवरून खड्ड्यात उतरत होती. पाद्री वाचत होता आणि खरंच रडत होता. हेप्झीचा चेहरा जिंकल्यासारखा फुलला होता. डोर्कसला जिंकायचं नव्हतं. प्रत्येक शब्द त्या लाकडातून खाली झिरपावा, आमोसपर्यंत पोचावा, एवढंच तिला हवं होतं. आणि तरी मनात राग होताच. ज्याने माझ्या लेकराला एक शब्द दिला नाही, त्याच्याकडून सगळे घेतले. फसवलं मेल्याला.

पाद्री मध्येच थांबला.

आईच्या आठवणीने थांबला असेल, असं वाटून लोकांच्या माना आणखी खाली गेल्या. पाद्र्याने पुस्तकातून डोकं वर काढलं. सगळ्या झुकलेल्या डोक्यांवरून त्याची नजर फिरली आणि डोर्कसच्या उघड्या डोळ्यांवर येऊन थांबली. त्याचे ओठ हलले. आवाज नाही. अगदी गिरणीतल्या बाईसारखे, सावकाश, स्पष्ट.

“नाव काय ठेवलं होतंत बाळाचं?”

म्हणजे त्या दिवशी शाल सारखी करताना याने पाहिलं होतं. पाहिलं, आणि पुन्हा नीट पांघरून ठेवलं.

तिचे ओठ हलले. “आमोस.”

पाद्र्याने मान हलवली, पुस्तक मिटलं आणि मोठ्याने म्हणाला, “आमच्या या बहिणीला...” मग क्षणभर नुसतेच ओठ: “आणि आमोसला.” आणि पुन्हा आवाज: “...आम्ही मातीच्या स्वाधीन करतो. देवा, जवळ घे.”

कबरीच्या पलीकडून हेप्झी मावशी ओठांनी काहीतरी बजावत असणार. पण डोर्कसला ते दिसलं नाही. तिची मान खाली गेली होती.