तीनशे साठ पानं

नीराबाईने काखेतल्या टोपलीतलं आणखी एक पान हळूच सोडलं. पळसाचं रुंद पान वाटेवर पडलं. त्यावर पाय देऊन ती पुढे सरकली. एकोणीस झाली होती. एकूण चाळीस टाकायची होती.

दहा पावलं पुढे तिचा नवरा हरेश्वर खांद्यावर कोयता टाकून चालला होता. तो मागे वळणार नाही, याची तिला खात्री होती. विधीची पानं तोडून निघालं की मागे बघायचं नाही आणि गेल्या वाटेने परत यायचं नाही, असं भटजींनी बजावलं होतं. म्हणून सकाळी ती दोघं आणि सून अशी तिघं कोळीवाड्यातून सुरूच्या बनातून वर गेली होती, आणि आता टेकडीला वळसा घालून मुंबईवाल्यांच्या बंगल्यांमागच्या आमराईतून खाली उतरत होती. वाट सोपी. किहीमला सुट्टीत येणारे पाहुणे हाच फेरा हसतखेळत मारतात आणि शंभर फोटो काढतात. नीराबाईला त्या वाटेवर एकेक पाऊल जड जात होतं.

प्रीतम तिचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी वादळात त्यांची बोट उलटली. बोट मिळाली, बरोबरचे दोघे मिळाले, प्रीतम मिळाला नाही. देहच नाही, तर अग्नी कशाला द्यायचा? अशा वेळी पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याला चाळीस, दोन हातांना शंभर, असं करत एकूण तीनशे साठ पानं. भटजींनी सगळं कागदावर लिहून दिलं होतं. विधीच्या आदल्या दिवशी, एकाच खेपेत तोडलेली पानं हवीत, एकही कमी चालायचं नाही. उद्याची अमावास्या चुकली की पुढची तिथी थेट माघात, आणि तोवर पळसाची पानं झडून गेलेली असतात.

म्हणजे आणखी एक वर्ष. एक वर्ष तरी प्रीतमला कोणी मेला म्हणणार नव्हतं. नीराबाईने रात्रभर विचार करून एवढंच ठरवलं होतं. बिनडोक्याच्या माणसाला कोणी चितेवर ठेवत नाही.

हरेश्वरने टेकडीवर मोजून मोजून पानं तोडली होती. एकशे ऐंशी बायकोच्या टोपलीत, एकशे ऐंशी सुनेच्या गाठोड्यात. तोडताना त्याचा हात एकदाही थबकला नाही. नीराबाईला त्याचा राग आलाच होता, पण खरा राग होता तो प्राचीवर.

प्राची त्यांची सून. चोवीस वर्षांची. तिचा बाप नागावहून दोनदा येऊन गेला होता. एक चांगलं स्थळ होतं, मुलाची नारळाची वाडी होती, पण विधी झाल्याशिवाय पोरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरणार कसं? आज सकाळी कोणी सांगायच्या आत प्राचीने गाठोड्याचं फडकं काढून ठेवलं होतं. आणि आता ती अशी झपाझप पुढे गेली होती की वळणापलीकडे दिसतसुद्धा नव्हती.

'पाय बघा कसे उचलतायत,' नीराबाई मनातल्या मनात जळफळली. 'लेक माझा गेला. हिला काय, दुसरं घर मिळेल.'

ओढ्याच्या साकवावर प्राची त्यांची वाट बघत उभी होती. तोंडावर पाणी मारलेलं, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, गाठोडं डोक्यावर. सासू-सासरे जवळ येताच ती पुन्हा चालायला लागली.

आमराईत पाहुण्यांचा एक घोळका भेटला. टोपीवाली एक बाई कौतुकाने टोपलीत डोकावली.

"पत्रावळ्यांना नेताय का हो काका?"

"व्हय," हरेश्वर म्हणाला. "पोरगा हाय ना आमचा. त्याच्यासाठी."

तो थांबला नाही. नीराबाईला हुंदका आवरेना. तिथे तिने एकदम तीन पानं सोडली. सुपारीच्या वाड्यांपाशी शेवटचं, चाळिसावं पान पडलं. तेव्हा तिला जरा मोकळा श्वास घेता आला.

घरी आल्यावर हरेश्वरने ओटीवर चटई अंथरली. आधी बायकोची टोपली ओतली आणि एकेक पान उचलून मोजलं.

"चाळीस कमी हायत."

"उतारावर हिंदकळली असतील," नीराबाई म्हणाली. तिने हे उत्तर वाटेतच घोळवून ठेवलं होतं.

हरेश्वरने तिच्याकडे पाहिलं. मग तो सुनेच्या गाठोड्याकडे वळला. गाठ सोडली. पानं मोजली. पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"ऐंशी," तो म्हणाला. "हितं तर शंभर कमी हायत."

नीराबाईला वाटलं, हा म्हातारा मोजायला चुकला. तिने प्राचीकडे पाहिलं. प्राची खांबाला टेकून उभी होती आणि आपल्या ओल्या बाह्या पिळत होती. तिने मान वर केली नाही.

"डोकं तुमी ठेवून घेतलंत ना, आये?" ती म्हणाली. "हात मी ठेवलेत."