राखून ठेवलेला ठोसा

कस्तुरीचा ठोसा पुन्हा हवेतच गेला. दिलनाझच्या डोळ्यांतल्या भिंगांनी तो आधीच दाखवला होता. समोरचीने शाळेपासून खेळलेली प्रत्येक लढत भिंगांना पाठ असायची. कस्तुरीच्या भिंगांनाही दिलनाझ तशीच पाठ होती. त्यामुळे शेवटच्या फेरीतही दोघी बरोबरीतच होत्या, आणि जिंकणारीला थेट किताबाची लढत मिळणार होती!

"आता हाण!" कोपऱ्यातून तातोबा वस्ताद गरजले.

कुस्तीतला वस्ताद एक डाव पठ्ठ्यापासून राखून ठेवतो. तातोबांनी कस्तुरीला एक ठोसा यंत्रापासून राखायला लावला होता. जिल्हा स्पर्धेपासून अकरा वर्षं, हरतानासुद्धा, खालून उसळणारा तो डावा ठोसा तिने रिंगमध्ये कधीच मारला नव्हता. तो फक्त तालमीतल्या वाळूच्या पोत्याला ठाऊक होता.

तिने हाणला! दिलनाझच्या भिंगांत काहीच उमटलं नाही. ती धाडकन आडवी झाली आणि पंचांनी दहा आकडे मोजले.

कस्तुरी धावत जाऊन वस्तादांच्या गळ्यात पडली आणि एकदम दचकली. "वस्ताद, आता हाही भिंगांना कळला! किताबाला काय मारू?"

म्हातारा मिशीत हसला. "अगं पोरी, तुझ्यापासनं पण एक राखलाय की!"