गोजरबाईची सुई

गोजरबाईनं मांडीवरची थैली चाचपली. भरून आणलेली सुई जागेवर होती.

समोर आरोग्य केंद्राच्या खाटेवर तिची सून शालू कुशीवर वळून कण्हत होती. सकाळपासून कळा येत होत्या आणि बाळाचा काही पत्ता नव्हता. सिस्टर कल्याणी आत्ताच तपासून म्हणाली होती, "पहिली खेप आहे, वेळ लागणारच. डॉक्टरांना फोन करून येते. गरज पडली तर जालन्याला हलवू." एवढं बोलून ती शेजारच्या खोलीत गेली.

जालना म्हणजे पोट फाडणार, हे गोजरबाईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "कळांची सुई टोचा ना बाई, जल्दी मोकळी होईल," असं तिनं सिस्टरला विनवून पाहिलं होतं. सिस्टरनं बिलकुल ऐकलं नाही. पण गोजरबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. अडीअडचणीला असावी म्हणून ती घरूनच सुई भरून घेऊन आली होती, गोठ्यातल्या बाटलीतली. परतूरच्या बाजारात गुपचूप मिळणारी, बिनचिठ्ठीची प्लास्टिकची बाटली. म्हैस दूध चोरायला लागली की मानेत टोचायचं, लगेच पान्हा फुटतो. बाळंतिणीला देतात तेही हेच औषध, असं तिला दूधवाल्यानं सांगितलं होतं. म्हशीला एवढं, तर सुनेला त्याच्या निम्मं, असा तिचा सरळ हिशेब. आणि हा सगळा उद्योग शालूवर जीव होता म्हणून. जीव नसता तर बाई खुशाल ओट्यावर तंबाखू मळत बसली असती.

तिनं सुई बाहेर काढली. "शालू, दंड इकडं कर."

शालूनं डोळे उघडले. रोज गोठ्यात राबणाऱ्या पोरीला ती सुई ओळखायला वेळ लागला नाही.

"आत्या, ही तं म्हशीची हाय."

"औषध एकच असतंय. बोलू नको, हात कर."

तेवढ्यात पुन्हा कळ आली. ती ओसरेपर्यंत शालूनं खाटेची दांडी आवळून धरली. मग दमलेल्या आवाजात म्हणाली, "म्हैस व्यायच्या आधी टोचली व्हती का तुमी कधी?"

"येडी झाली का?" गोजरबाई खेकसली. "गाभण म्हशीला कोण टोचतंय? आतल्या आत फाटून म्हैस अन् रेडकू, दोनी जातील ना!"

बोलून झालं आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. जनावरांत जन्म गेला होता तिचा. म्हशीच्या बाबतीत जी चूक झोपेतसुद्धा झाली नसती, तीच ती सुनेच्या बाबतीत करायला निघाली होती. तिनं सुई दंडापासून मागं घेतली.

कल्याणी दारात उभी होती. तिची नजर सुईवर गेली.

"टोचली?"

"न्हाई. देवाशपथ न्हाई." गोजरबाईनं सुई तिच्या हातात दिली.

कल्याणीनं आधी शालूचे दोन्ही दंड बघितले, मग पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकले. ते बरोबर होते. मग तिनं सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली.

दिवस कलायच्या आत शालू तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. बाळाचं रडणं ऐकून गोजरबाईनं हात जोडले आणि मग तिला रक्त दिसलं. एरवी अशा वेळी "वाईट रक्त हाय, जाऊ द्या" असं म्हणायला ती सगळ्यांच्या पुढे असे. आज तिनं तोंड उघडलं नाही.

कल्याणीनं पोटावर हात फिरवून आत दुसरं बाळ नाही याची खात्री केली. मग फ्रिजमधून आणून ठेवलेली बारीक काचेची कुपी फोडून शालूच्या मांडीत सुई दिली.

"हे तेच का?" गोजरबाईनं बिचकत विचारलं.

"तेच. बाळ बाहेर आलं, म्हणून आता. रक्त थांबायला." कल्याणीचे हात चालूच होते. वार पडल्यावर तिनं गोजरबाईला हात धुवायला लावले आणि एक हात शालूच्या ओटीपोटावर ठेवला. "चोळा. असं गोल. गर्भपिशवी आवळली पाहिजे."

हाताखाली भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. रक्त अजून येत होतं. शालूचे ओठ पांढरे पडले होते. गोजरबाई चोळत राहिली आणि मनात येईल त्या देवाला हाका मारत राहिली. हळूहळू ती कणीक आवळत गेली, नारळासारखी टणक झाली. रक्ताची धार तुटली.

"थांबलं," कल्याणी म्हणाली आणि स्टुलावर टेकली. गोजरबाईला रडू फुटलं.

मग कल्याणीनं बाळ शालूच्या छातीशी दिलं. इकडंतिकडं तोंड मारून मारून ते एकदाचं ओढायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. शालूचा नवरा भारत धारा काढायला घरी गेला होता. मुलगी झाल्याचं त्याला मघाशीच कळवलं होतं.

"आई, म्हैस पान्हा चोरून राह्यली. बाटली कुठं ठिवली तू?"

"बाटली मातीत ओत. रेडकू सोड."

"अगं, सगळं पिऊन टाकंल ना ते!"

गोजरबाईनं खाटेकडं पाहिलं. इवलीशी मूठ शालूच्या छातीवर उघडमीट करत होती.

"पिऊ दे," ती म्हणाली. "त्याच्या आईचं हाय, तुझ्या न्हाई."