कंपनीची की बाहेरची

‘अहो, किती वेळा काढाल-घालाल? खाचा झिजतील हं,’ दुकानाची मालकीण काउंटरमागून म्हणाली.

काउंटरच्या अलीकडे तिने ओशाळून कॅमेऱ्यावरची लेन्स काढली आणि दुसरी लावली. दोन्ही एकशे पस्तीस मिलिमीटरच्याच. एक कॅमेऱ्याच्या कंपनीची, दुसरी बाहेरच्या कंपनीची, जवळपास निम्म्या किमतीत. पहिलीतून पाहिलं की वाटायचं, हीच. दुसरीतून पाहिलं की वाटायचं, मग हिच्यात वाईट काय आहे? इंटरनेटवर वाचायला जावं, तर जितकी तोंडं तितकी मतं. एक म्हणतो नावाचेच पैसे, दुसरा म्हणतो स्वस्तात घ्याल आणि रडत बसाल. वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झाला होता.

ती काचेच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर रस्ता, पलीकडे बालवाडीचं कुंपण, कुंपणाआड घसरगुंडी. शिडीवर पिवळी टोपी.

सापडला.

बाहेरच्या कंपनीची लेन्स जराशी मागेपुढे चाचपडली आणि त्याच्यावर स्थिरावली. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. माथ्यावर दोन भोवरे. तिच्यासारखे, तिच्या वडिलांसारखे. वडिलांना त्यावरून सगळे चिडवायचे, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं! आज तो खोकत नव्हता. परवा खोकत होता. बुटाची नाडी मात्र सुटली होती. आता अडखळणार, आता पडणार. तो पडला नाही.

‘तुमचं कुठलं त्यातलं?’ मालकिणीने विचारलं.

‘इथून सगळी सारखीच दिसतात,’ ती हसून म्हणाली.

‘हो ना! उड्या मारणारी मेंढरं नुसती.’ मालकीण फडक्याने लेन्सची झाकणं पुसत होती. ‘खरं सांगू? मी विकणारी, मी महागच घ्या म्हणायला हवं. पण कॅमेऱ्याला काही कळत नाही हो, आपली कुठली आणि परकी कुठली. घट्ट बसली की झालं.’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा.

‘घेतलीस का, की आजही नुसता बघण्याचा कार्यक्रम?’

‘ठरत नाहीये रे.’

‘कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात दोन्ही स्वस्त आहेत. तुला तेच दुकान का लागतं, देव जाणे.’

‘इथे निवांत बघू देतात.’

‘बघ बाई. उद्या सकाळी निघायचंय, एवढं लक्षात असू दे.’

तिने फोन पिशवीत टाकला. मालकिणीचे कान इकडेच होते आणि ते तिने लपवलंही नाही.

‘निघालात कुठे?’

‘दुसऱ्या शहरात. नोकरी लागलीय.’

‘अरे वा! मग पोराच्या शाळेचं काय?’

‘शाळा हीच बरी आहे त्याची. मधेच कशाला उपटायचं?’

‘तेही खरंच. रुजलेलं रोप हलवू नये. आजीकडे राहील का मग?’

ती लेन्सवरचं कडं उगाच फिरवत राहिली. ‘चांगल्या माणसांत आहे,’ ती म्हणाली. ‘फक्त एक फोटो हवाय. धड. डोळे स्पष्ट दिसतील असा. आतापर्यंतचे सगळे हललेत. पुढे तोच बघत बसायचाय ना.’

मालकिणीचा चेहरा मऊ झाला. ‘मग रस्ता ओलांडून जवळून काढा की! ही प्राइम लेन्स, हिला झूम नाही. जवळ जायचं तर आपल्याच पायांनी जायचं.’

‘जवळ गेलं की बुजेल तो.’

‘कॅमेऱ्याला बुजतो? आमचं ध्यान उलट आहे. कॅमेरा दिसला की बत्तिशी बाहेर!’ आणि मालकिणीची गाडी नेहमीच्या रुळावर आली. घरी आणला तेव्हा महिन्याचा होता, ओंजळीत मावेल असा. आता घर डोक्यावर घेतो. गोष्ट सांगितल्याशिवाय डोळा मिटत नाही, आणि दुधावर साय दिसली की तोंड वाकडं.

‘मलाही नाही आवडत साय,’ ती म्हणाली.

‘घ्या! म्हणजे तुम्हीही त्यातल्याच!’

दोघी हसल्या. मालकीण पोराबद्दल बोलायला लागली की ऐकता ऐकता लेन्सचं सगळं तिच्या डोक्यातून जायचं. तसंच आत्ताही झालं. मग ती दचकून भानावर आली आणि घाईघाईने कंपनीची लेन्स चढवली. ही चाचपडत नव्हती. थेट डोळ्यांवर. तिने बटण दाबलं, आणि नेमकी कुणाची तरी पाठ मधे आली. पुन्हा दाबलं, तर नुसती घसरगुंडी. घंटा झाली होती. पोरं फाटकाकडे पळत होती. पिवळी टोपी कुठे दिसेना.

महागातली लावूनही हातचा गेला! मग बाहेरचीच काय वाईट होती? तिला काही म्हणजे काही कळेनासं झालं.

‘शाळा सुटली वाटतं,’ मालकीण म्हणाली.

तिने कॅमेरा डोळ्याला लावूनच ठेवला. फाटक, रस्ता, रिकामा फुटपाथ. आणि मग, अगदी अचानक, टोपी. बालवाडीच्या ताईंचा हात धरून तो रस्ता ओलांडत होता. सरळ दुकानाकडे येत होता. चौकटीत मोठा मोठा होत गेला, मग नुसता पिवळा धुरळा झाला. तिने कॅमेरा खाली घेतला. तिचे पाय आपोआप दोन पावलं मागे सरले.

दार ढकलून तो आत आला, तिच्या कोपराखालून वाकून पुढे पळाला आणि काउंटरमागे शिरून मालकिणीच्या कमरेला बिलगला.

‘आई, भूक!’

‘आज आजोबा आले नाहीत न्यायला,’ ताई दारातूनच म्हणाल्या आणि परत फिरल्या.

‘आलं बाई आमचं ध्यान!’ मालकिणीने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि त्याचा गाल आपल्या गालाला लावला. ‘अहो, लेन्सच बघायचीय ना तुम्हाला? मग आमच्या दोघांचाच काढा की एक. हस बघू राजा. इकडे नाही रे, मावशीकडे बघ.’