रागावलेय की

काव्या बॅग भरत होती, तेव्हा दानेश्वरी मेसमधून ताट घेऊन खोलीत आली.

"कुटं चाललीस?"

"बारा नंबरच्या खोलीत. तिथं एक कॉट रिकामी आहे." काव्यानं मान वर केली नाही. "तू रागावलीयस ना."

"रागावलेय की. लई रागावलेय."

सकाळी अक्कलकोट रोडच्या रिक्षात काव्या दानेश्वरीचं वनस्पतिशास्त्राचं जर्नल विसरली होती. स्वतःच्या आकृत्या पूर्ण करायला तिनंच ते मागून घेतलं होतं. परवा ते विभागात द्यायचं होतं. दुपारी दानेश्वरी अख्ख्या हॉस्टेलला ऐकू जाईल अशी ओरडली. तेव्हापासून काव्या सात वेळा सॉरी म्हणाली होती.

"मग? रागावले म्हणून खोली सोडायची व्हय?" दानेश्वरीनं ताट तिच्यापुढं ठेवलं. "जेव आधी. मग बस माझ्यासंगं आकृत्या काढाय. चाळीस हायत."

काव्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण हातातच धरून ठेवला. दानेश्वरीनं गावी दुधनीला वडिलांना फोन लावला. बसवराजअण्णांचा आवाज फोनबाहेर येऊ लागला. काव्याला कन्नड येत नव्हतं. पण ते चिडलेत, एवढं कळलं. तिनं पाय पोटाशी घेतले. मग मधेच आवाज उतरला. दानेश्वरी हसून "हूं, हूं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"आपली वस्तू दुसऱ्याला देतेसच कशाला, म्हणून शिव्या घातल्या. मग विचारलं, जेवलीस का."

"लगेच?"

"मग कवा?"

जेवण झाल्यावर काव्यानं बॅग कॉटखाली सरकवली. शेजारच्या खोलीतून मागून आणलेलं जर्नल मधे उघडून दोघी जमिनीवर बसल्या. शेवाळाची पहिली आकृती निम्मी झाली असेल.

"दानू, अण्णा रागावले की किती दिवस बोलत नाहीत?"

"दिवस?"

"माझी आई बारावीच्या निकालानंतर अकरा दिवस बोलली नव्हती. ताट वाढून ठेवायची आणि आत जायची."

दानेश्वरीचा हात थांबला. तिनं खरंच विचार केला.

"न बोलता रागवायचं कसं गं?"

काव्या पेन्सिलीला टोक काढू लागली, आणि टोक निघाल्यावरही काढत राहिली.