चौथी नळी

समोरच्या पडद्यावर काकूंची दाढ उभी राहिली, चांगली हातभर उंच. डॉक्टरिणीने पेनाच्या टोकाने मुळाशी असलेला काळा डाग दाखवला. रूट कॅनाल बारा वर्षं टिकलं, आता खाली पू झाला होता. वाटा तीन होत्या. जुनं सगळं उकरून नव्याने रूट कॅनाल करायचं, हिरडी कापून मुळाचं नुसतं टोक काढायचं, नाहीतर दाढच उपटायची.

"उकरायचं नाही," काकू म्हणाल्या. "हिरडी काप हवी तर."

डॉक्टरिणीला नवल वाटलं नाही. ते काम सरांच्या हातचं होतं. सर म्हणजे काकूंचे यजमान आणि तिचे कॉलेजातले शिक्षक. हा दवाखानाही त्यांचाच. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा तिने चालवायला घेतला. त्यांचे कपडे, पुस्तकं काकूंनी केव्हाच वाटून टाकली होती, पण चावायच्या मात्र हट्टाने त्याच बाजूने. हसायचं त्याने खुशाल हसावं. गेलेलं माणूस कुठेतरी जपावं लागतं, काकूंनी ते दाढेत जपलं होतं.

डॉक्टरीण जरा घुटमळली, मग तिने सांगूनच टाकलं. टोक कापून भागणार नाही. या दाढेच्या मुळांत चार नळ्या आहेत, सरांनी तीनच साफ करून भरल्यात. राहिलेली चौथीच आता सडली आहे.

काकूंना ते पटेना. वर्गातल्या पोरांना चौथी नळी सापडेपर्यंत जेवायला न सोडणारा माणूस स्वतः कसा विसरेल? घरच्या माणसावर हत्यार चालवायचं नाही, हा सरांचा नियम त्या एकदाच मोडला होता, आणि तोही काकूंनीच मोडायला लावला होता. दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडणार नाही, म्हणून त्या अडून बसल्या होत्या.

"विसरले नाहीत ते," डॉक्टरीण म्हणाली. "शोधत होते. हे बघा, इथपर्यंत आलेत आणि मधेच सोडलंय."

काकूंना तो दिवस आठवला. भूल दिलेली असूनही एक कळ थेट मस्तकात गेली होती आणि त्यांनी सरांचं मनगट गच्च धरलं होतं. झालं, झालं, संपलं, असं सर म्हणाले होते. काकूंना ते खरंच वाटलं होतं. आत्ता या क्षणी त्यांना ते मनगट हवं होतं. इतकं हवं होतं की बाकी काही सुचेना.

त्यांनी खुर्चीत मान टेकली.

"सगळं काढ. नव्याने कर."

डॉक्टरिणीने मास्क चढवला आणि प्रत्येक पेशंटला सांगते तसंच सांगितलं, दुखलं तर हात वर करा, मी थांबेन.

"तू थांबू नकोस," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.