तिसरा सेन्सर

तिसरा सेन्सरही खोटारडा निघाला. निदान म्हाताऱ्या गसचं तरी तसं म्हणणं होतं. त्याने हातातला पाना बाकावर आपटला आणि सेन्सर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"एक खराब निघेल, दोन निघतील," तो गरजला. "पण तीनच्या तीन? यांच्या कारखान्यात माणसं कामाला ठेवतात की बदकं?"

सेन्सर म्हणजे इंजिनला चिकटवलेला छोटासा कान. आत कुठे नको तो ठोका पडला की तो कॉम्प्युटरकडे चुगली करतो. मग कॉम्प्युटर घाबरून इंजिनाचा जोर काढून घेतो आणि चालकासमोर पिवळा दिवा लावून बसतो. गसने हे इंजिन अख्खा हिवाळा खपून नव्याने बांधलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या थंडीत बोटं निळी पडली, तरी एक बोल्ट त्याने दुसऱ्या कुणाला आवळू दिला नव्हता. आणि आता चढावर शाळेची बसही त्याच्या निळ्या वॅगनला मागे टाकत होती.

शनिवारी बिस्मार्क शहरात नातीचं लग्न होतं. साडेचारशे मैल. सेन्सर खराब असला तर प्रश्नच नव्हता, त्याचं तोंड बंद करायचं जुगाड गसकडे तयार होतं. पण सेन्सर खरं बोलत असला, तर इंजिन वाटेतच कुठेतरी फुटणार आणि नात आजोबांची वाट बघत बसणार. त्याहून वाईट म्हणजे गसला स्वतःचं काम पुन्हा उघडावं लागणार. चाळीस वर्षांत त्याने एकही इंजिन दुसऱ्यांदा उघडलं नव्हतं. हे तो चर्चमध्ये सांगायचा, न्हाव्याकडे सांगायचा, आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंडात चिमटा असतानाही सांगायचा.

"मला टकटक ऐकू येते," त्याची बायको मार्लिस म्हणाली होती. सोमवारी. मग मंगळवारी. मग जरा मोठ्याने, बुधवारी.

"तुला शिलाई मशीन आणि इंजिन यातला फरक कळतो का?" गसने विचारलं होतं. मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "लोण्यासारखं चालतंय, लोण्यासारखं! एलरॉय, तू सांग."

एलरॉय शेजारी राहायचा. पन्नाशी उलटली होती, पण बारा वर्षं गसच्या हाताखाली काढल्यामुळे अजून त्याला बॉस म्हणायचा. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "थंडी आहे ना बॉस. थंडीत कायकाय आवाज येतात."

"येत नाहीत!" गस म्हणाला.

आज गुरुवार. दुपार झाली, ओव्हनमधला हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला थर, तयार झाला, तरी गसचा पत्ता नाही. एरवी मार्लिस गॅरेजच्या दाराशी येऊन दिवा दोनदा बंद-चालू करायची आणि गस हात पुसत यायचा. हाका मारण्यात अर्थ नव्हता. कामात असला की बाँब पडला तरी त्याला कळत नाही, असं ती मैत्रिणींना सांगायची. त्या एकाग्रतेचं तिला कौतुक होतं आणि वैतागही. आज मात्र ती दिवा सोडून थेट आतच आली.

आत परीक्षा चालली होती. इंजिन बंद होतं. सेन्सरच्या लांब वायरी बाकावरच्या मीटरला जोडल्या होत्या. इंजिनावर हातोडी मारली की मीटरचा आकडा उडायला हवा, एवढी साधी गोष्ट. गसने चारदा हातोडी मारली, एलरॉय मीटरकडे बघून चारही वेळा "उडाला" म्हणाला, आणि गसचा त्याच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला.

"सरक. मीटर मी बघतो." गस इंजिनाकडे पाठ करून बाकावर वाकला. "हातोडी घे. मी 'मार' म्हटल्याशिवाय मारायची नाही. कळलं?"

एलरॉयच्या एका हातात कॉफी होती, दुसऱ्यात हातोडी. मार्लिसने हातोडी काढून घेतली. जेवण थंड होत होतं आणि तिचा आठवडाभराचा राग गरम होता. तिने कशाचीही वाट न बघता इंजिनावर एक दणका हाणला.

गॅरेजभर घंटा वाजल्यासारखा आवाज झाला. एलरॉय दचकला, कॉफी शर्टावर सांडली.

"बघा!" गस पाठमोराच ओरडला. "मी अजून 'मार' म्हटलंच नाही, आणि आकडा उडाला! कुणी हात लावला नाही, तरी उडतोय! म्हटलं नव्हतं, हा पण भिकार आहे म्हणून?"

मार्लिसने एलरॉयकडे पाहिलं. एलरॉयने बुटांकडे.

तिने पुन्हा हातोडी उचलली आणि दोन्ही हातांनी मारली. फळीवरचे डबे थरथरले. बाहेर शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"परत!" गस आनंदाने मीटरवर बोट आपटत म्हणाला. "आणि आता तर दुप्पट! वेडा झालाय हा!"

मार्लिसला वॅगन आठवली नाही, लग्न आठवलं नाही. दाराशी उभं राहून मारलेल्या, वाया गेलेल्या सगळ्या हाका तेवढ्या आठवल्या. तिने हातोडी हळूच खाली ठेवली, भिंतीपाशी गेली आणि दिवा दोनदा बंद-चालू केला.

गस चटकन मागे वळला.

"ऐकलं गं, ऐकलं," तो म्हणाला. "आलोच जेवायला."